माळ्यावरचं नंतर काढा, आधी दारातून काय येतंय ते बघा

डिसेंबर संपत आला की या सदराकडे दरवर्षी वजन कमी करण्याचे प्रश्न येतात, यंदा घराचं वजन कमी करायचे आलेत. निम्म्या पत्रांत मिनिमलिझम (म्हणजे गरजेपुरतंच सामान ठेवणं) हा शब्द आहे, उरलेल्यांत "पसारा". बरेच प्रश्न एकमेकांसारखे होते म्हणून थोडे एकत्र केलेत, आणि नावं मुद्दामच दिली नाहीत कारण बहुतेक पत्रांत नवरा, सासू किंवा मुलगा यांच्यापैकी कोणाची तरी तक्रार आहे आणि अंक तर तेही वाचतात.

ठाण्यात आमचा वन बीएचके आहे. मी ठरवलंय की १ जानेवारीपासून मिनिमलिस्ट व्हायचं आणि सुरुवात किचनपासून करायची. सगळे जुने डबे काढून टाकून एकसारखे काचेचे जार, बांबूची झाकणं आणि लेबलं असा सेट कार्टमध्ये टाकून ठेवलाय, सेल संपायच्या आत घेऊ का? नवरा नुसता हसतोय.

हसू दे, त्याचं बरोबर आहे. कार्ट रिकामी करा, नवीन वर्षाचं पहिलं काम तिथेच झालं समजा.

अहो, धान्याचा डबा रिकामा करून तेच धान्य दुसऱ्या डब्यात भरायचं यात कमी काय झालं? उलट स्टीलचे डबे फेकवणार नाहीतच तुम्हाला, ते माळ्यावर जाणार, म्हणजे घरात आधी डबे होते आता डबे अधिक जार. रील्समधलं एकसारख्या जारचं किचन तसं दिसतं कारण त्यात सोऱ्या नाही, पुरणयंत्र नाही, मोदकपात्र नाही, कैरीच्या लोणच्याची बरणी नाही आणि मुख्य म्हणजे त्यात कोणी स्वयंपाक करत नाहीये. मोदकपात्र वर्षातून दोनदाच निघतं म्हणून ते अडगळ होत नाही, ते ज्या दिवशी लागतं त्या दिवशी दुसरं काही चालत नाही.

माझं सांगणं एवढंच की जानेवारीत काहीही टाकू नका. फक्त घरात काय काय आलं ते लिहा, कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो ना त्याच चौकोनात. पार्सलसोबत आलेले सॉसचे आणि ओरेगॅनोचे पुडे, हॉटेलचे काळे प्लास्टिकचे डबे (धुऊन ठेवलेले, झाकण एकाचंही बसत नाही असे), "दोनवर एक फ्री" मधलं फ्री आलेलं तिसरं, कुरिअरचे खोके, कोणाच्या तरी गृहप्रवेशाला मिळालेला फोटोफ्रेमचा सेट, सगळं. महिनाअखेर ते पान वाचलंत की तुमचा पसारा कुठून येतो ते दिसेल आणि तो किचनच्या कपाटातून येत नसतो, तो दारातून येतो. बहुतेक लोक साफसफाई म्हणजे बाहेर काढणं एवढंच समजतात, दिवाळीत चार दिवस घासून पुसून माळा रिकामा करतात आणि होळीपर्यंत परत भरतात. आवक थांबली नाही तर जावक करून कंबर तेवढी मोडते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की माझ्या घरात प्लास्टिकच्या वाट्या, गाळण्या, साबणदाण्या, आरसे यांचा पूर येतो. नाही म्हणता येत नाही, सौभाग्याचं वाण म्हणतात. आणि मलाही द्यावं लागतं. यंदा काहीतरी वेगळं करायचंय पण सासूबाईंना दुखवायचं नाहीये. (नाशिक)

ही मात्र खरी परीक्षा! संकल्प १ तारखेला करायचा आणि १४ पासून थेट रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी कोणीतरी हातात वस्तू ठेवणार, इतका वाईट मुहूर्त मिनिमलिझमला दुसरा नाही.

पण एक गंमत बघा. सासूबाईंना विचारा त्यांच्या आईच्या वेळी काय लुटायचे. सुगडात आपण आजही काय घालतो, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळ. सगळं त्या महिन्यात शेतात असलेलं आणि सगळं खाऊन संपणारं. प्लास्टिकची वाटी ही त्यात नंतर घुसली, बाजारात डझनावर स्वस्तात मिळायला लागली म्हणून. म्हणजे तुम्ही सासूबाईंच्या परंपरेविरुद्ध जात नाही आहात, जरा मागे जाताय, आणि हे असंच सांगा त्यांना, चिडून नाही, उत्साहाने, "आई आपण यंदा जुन्या पद्धतीचं करू" म्हणून.

मग द्यायचं काय तर पाव पाव किलो गूळ द्या, पॉलिशचे तीळ द्या, नाशकात आहात तर बेदाणे द्या, कापूर द्या, चांगली हळद द्या, हिरव्या वाटाण्याच्या शेंगा कागदी पिशवीत घालून दिल्यात तरी बायका खूश होतात, मी बघितलंय, कारण दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा प्रश्न सुटतो. रोप द्यायचं असेल तर आधी विचारून द्या, गॅलरी नसलेल्या घरात तुळस दिली की ती आठवड्यात वाळते आणि घरातल्या बाईला उगाच अपशकुनासारखं वाटत राहतं.

आणि घेताना? नाही म्हणू नका, घ्या. हळदीकुंकवाला आलेल्या बाईने वाण नाकारायचं हे आपल्याकडे होणार नाही आणि होऊही नये. फक्त ते घरात आत जाऊ देऊ नका. दाराजवळ एक पिशवी ठेवा, महिनाभर जे येईल ते त्यात, आणि फेब्रुवारीत कामाला येणाऱ्या मावशींना विचारा यातलं काय हवं. "काय हवं" विचारा, पिशवी सरळ हातात कोंबू नका, त्यांच्याकडेही गाळण्या भरपूर झालेल्या असतात, चार घरांतून त्यांना तेच मिळतं.

ब्लाउजपीसबद्दल तुम्ही लिहिलं नाही पण मला माहितीये प्रत्येक घरात तो गठ्ठा असतो. ओटीतला ऐंशी सेंटिमीटरचा पॉलिस्टर तुकडा, शिवून कोणी घालत नाही, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतो आणि पाच वर्षांनी घडीच्या रेघा पडून आपल्याच घरी परत येतो. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. ओटीत तांदूळ, नारळ, फळ आणि वर सुती रुमाल किंवा साधा सुती हातपुसणा घाला, तो निदान वापरात येतो.

मी रिटायर्ड, वय ७१, इचलकरंजी. मुलगा-सून पुण्याला असतात. नाताळच्या सुट्टीत आले आणि मुलाने "बाबा, डिक्लटर करूया" म्हणत माझी खोली आवरली. स्क्रू-नटबोल्टचा डबा, वायरींची गुंडाळी, जुना रेडिओ, सायकलचा पंप, सगळं भंगारवाल्याला दिलं. मला म्हणतो, तुम्हाला लागलं तर दहा मिनिटांत ऑनलाइन येतं. इचलकरंजीत येतं का? आणि माझं काही चुकतंय का?

काका, तुमचं काही चुकत नाहीये, मुलाचं चुकलंय आणि हे पान त्याला व्हॉट्सअॅप करा.

दुसऱ्याच्या वस्तू आवरणं याला मिनिमलिझम म्हणत नाहीत. आवरायचं तर स्वतःचं, आणि मी पैजेवर सांगते त्याचं इंजिनीअरिंगचं सबमिशन, दहावीच्या ट्रॉफ्या आणि क्रिकेटचं किट अजून तुमच्याच माळ्यावर असणार. पुढच्या वेळी आला की पहिल्यांदा तेवढं घेऊन जा म्हणावं. शहरात नोकरी करणाऱ्या मुलांचं घर मोकळं असतं त्याचं एक कारण असं की त्यांचं गोडाऊन आईवडिलांकडे असतं, भाडं न देता.

आता तुमच्याशी थोडं. स्क्रूचा डबा परत सुरू करा, खुशाल. ज्याला नळाचं वायसर स्वतः बदलता येतं त्याच्या घरी वायसर असलंच पाहिजे. पण हद्द ठरवा, बिस्किटाचे दोन मोठे पत्र्याचे डबे म्हणजे दोनच, तिसरा भरायची वेळ आली की आधीच्यातलं गंजलेलं बाहेर. बंद पडलेलं मात्र "कधीतरी दुरुस्त करू" म्हणून ठेवू नका. गुढीपाडव्यापर्यंत दुरुस्त झालं तर राहील, नाही तर जाईल, तारीख आत्ताच डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा. जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका आणि शक्यतो भंगारवाल्यालाही नको, तांब्यासाठी वायरी जाळतात आणि तो धूर कोणाच्या तरी पोराच्या छातीत जातो. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, जुन्या वस्तूंच्या रीसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीये, त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर जुनं कुठे द्यायचं ते असतं. हे शोधून द्यायचं काम मुलाला लावा, त्याला आवड आहे ना आवरायची.

आणि एक, मुलाने कागद आवरायला घेतले तर हात धरा. खरेदीखत, इंडेक्स टू, सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पॉलिसीचे बाँड, पेन्शनचे कागद, लग्नाचा दाखला, यातलं स्कॅन केलं तरी मूळ कागद फेकायचा नसतो. विजेची वीस वर्षांची बिलं गेली तरी चालतील, शेवटची वर्ष-दोन वर्षांची ठेवा. आधार-पॅनच्या झेरॉक्स रद्दीत अख्ख्या देऊ नका, बारीक फाडून द्या.

मिनिमलिझम वगैरे सगळं पोट भरलेल्या लोकांचं फॅड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरी पोतं, सुतळी, तेलाचा डबा काहीच टाकत नाहीत कारण परत घ्यायला पैसे लागतात. तुम्ही शहरवाले आधी घेता, मग टाकता, मग त्यावर लेख लिहिता. छापायची हिंमत असेल तर छापा. (लातूर जिल्हा)

छापलं. आणि तुमचं बरंचसं पटलंय मला, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

रिकामं घर परवडायला पैसे लागतात हे अगदी खरं. "सहा महिन्यांत वापरलं नाही तर टाका" हा नियम त्यालाच सोपा जातो ज्याला सातव्या महिन्यात लागलं तर परत घेता येतं. आता तर मोठ्या शहरांत अॅपवर ऑर्डर केली की जिरं, चार्जर, छत्री दहा-पंधरा मिनिटांत दारात येतं, म्हणजे ज्याला मिनिमलिस्ट घर म्हणतात त्या घराची कोठी बाहेर कुठेतरी कोपऱ्यावरच्या डार्क स्टोअरमध्ये (म्हणजे फक्त अॅपच्या ऑर्डरींसाठीच्या गोडाऊनमध्ये) असते आणि दुचाकीवरचा एक पोरगा ती पाठीवर घेऊन पळत असतो. सामान कमी झालं नाही, फक्त नजरेआड झालं. तुमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गहू-ज्वारी आली की उन्हं दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून वर्षाचं भरून ठेवतात ना, ती साठवण आहे, पसारा नाही. वर्षाच्या धान्याची कणगी आणि सेलमधले अकरा टी-शर्ट यांना एकाच मापाने मोजणारे सल्ले मलाही आवडत नाहीत.

पण एक गोष्ट तुमची पटली नाही. कमी ठेवण्याचा विचार शहरवाल्यांनी रील्सवरून आणला असं नाहीये. पतंजलींच्या पाच यमांत अपरिग्रह आहे, जैनांच्या पाच महाव्रतांत आहे. आपल्याकडे गाडगेबाबा होते, अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि ज्यावरून नाव पडलं ते गाडगं, आणि याच माणसाने लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू-आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःजवळ काही ठेवायचं नाही आणि लोकांसाठी पक्क्या इमारती बांधायच्या. यात "माझी खोली किती मोकळी आणि मला किती शांत वाटतं" हा प्रकार कुठेच नव्हता. आताच्या मिनिमलिझममध्ये सगळा विचार स्वतःच्या मनःशांतीचा असतो, तिथे तुमचा राग मला मान्य आहे.

आणि हो, फॅड म्हणाल तर गावातही आलंय बरं का. लग्नात आहेराला दोनशे टोप्या-टॉवेल, प्रत्येक पाहुण्याला साडी, रुखवतात कोणी न वापरणारी शोभेची मांडणी, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज. तेवढ्यावर जरी कोणी "एवढं नको" म्हटलं तरी मी त्याला मिनिमलिस्ट म्हणेन, त्याच्या घरात कितीही पोती असोत.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचं कपाट तसंच आहे. बहीण म्हणते नवीन वर्षात मोकळं कर, तुलाही मोकळं वाटेल. मला नाही वाटत तसं. (कोल्हापूर)

नका करू मग. कपाट कोणाला अडत नसेल तर राहू दे, याला नवीन वर्षाची मुदत नसते आणि बहिणीला प्रेमाने सांगा की तुला जे हवं ते तू घेऊन जा.

कधी वाटलंच तर सुती साड्यांपासून सुरू करा, गोधडी शिवून घ्या. कोल्हापूर-सांगली भागात वाकळ शिवणाऱ्या बायका अजून मिळतात, मऊ झालेली वापरातली सुती साडी त्यांना सगळ्यात जास्त आवडते, सिंथेटिकवर टाका नीट बसत नाही. काठाची एखादी रेशमी ठेवा, नेसण्यासाठी. बाकीचं पुढे बघू.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, गांधीजींचे सहकारी काका कालेलकर यांनी सांगितलेली. १९१५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं, गांधीजी टेबलावर काहीतरी शोधत होते, काय तर पेन्सिलीचा छोटासा तुकडा. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली तर नको म्हणाले, हरवलेली ती मद्रासचे प्रकाशक नटेशन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेली होती, ती हरवून कसं चालेल. दोघांनी मिळून शोधली आणि सापडल्यावरच पुढे सरकले. ज्याच्याइतकं कमी सामान कोणाकडे नव्हतं तो माणूस पेन्सिलीच्या तुकड्यासाठी काम थांबवतो, मग तुम्ही आईचं कपाट ठेवलंत तर बिघडलं कुठे.

घर अगदी मोकळं आहे, बॅचलर आहे, एक गादी आणि लॅपटॉप. पण फोन सतत "स्टोरेज फुल" म्हणतो आणि महिन्याला कुठे कुठे १९९, २९९ कापले जातात तेच कळत नाही. हेही मिनिमलिझममध्ये येतं का? (हिंजवडी)

येतं की, आणि हे सगळ्यात सोपं आहे, एका रविवारी होईल.

पैशांपासून सुरू करा. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी दिसते, कार्डवर असतील तर बँकेच्या साइटवर ई-मँडेटमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला लागतो, तो येतोच, आपण वाचत नाही. सगळं एकदम रद्द करा आणि ज्याची खरंच आठवण येईल तेच परत घ्या. जिमही त्यातच आलं, जात नसाल तर.

स्टोरेजचं म्हणाल तर गुगलची फुकटची जागा १५ जीबी, जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा, म्हणजे मामांच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे गुलाब तुमच्या ऑफिसच्या मेलची जागा खातायत. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज मॅनेज करायला जा, तिथे ५ एमबीच्या वरचं आणि खूपदा फॉरवर्ड झालेलं वेगळं काढून दाखवतात, तेवढं उडवलं तरी फोन श्वास घेईल. मग ग्रुपमधले फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर पुढच्या रविवारी परत तेच. मामांना कळत नाही, काळजी नको.

मी तीन नोकऱ्या बदलल्या, प्रत्येक ठिकाणी नवीन सॅलरी अकाउंट, आता पाच-सहा खाती आहेत. ठेवू की बंद करू? (पुणे)

दोन ठेवा, फार तर तीन. खात्यात दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं तसंच राहिलं तर त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. बुडत नाहीत, मागता येतात, पण केवायसीच्या चकरा मारून. बंद करण्याआधी बघा की त्या खात्याला एसआयपी, विमा, गॅसची सबसिडी काही जोडलेलं नाही ना. आणि घरच्या मोठ्यांची विसरलेली खाती शोधायची असतील तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, २०२३ साली सुरू झालेलं, अनेक बँका एकाच जागी तपासता येतात. राहिलेल्या खात्यांना नॉमिनी लावलाय का तेही त्याच दिवशी बघून टाका.

सगळं काढून झालंय, पाच पिशव्या कपडे तयार आहेत. आता द्यायचे कुठे? पूर्वी बोहारीण यायची, आता सोसायटीत वॉचमन सोडत नाही. (मुंबई)

वॉचमनला सांगा ना मग, सोडेल. मुंबईत बोहारणी अजून आहेत, जुन्या चाळींच्या आणि सोसायट्यांच्या भागात दुपारच्या वेळी हाक ऐकू येते. पण एक लक्षात घ्या, ती कपडा उजेडासमोर धरून बघणार, कोपराला विरलाय का, चेन चालते का, आणि पाच शर्टांवर "अजून एक पँट द्या ताई" म्हणत एक पातेलं देणार. म्हणजे घरात परत पातेलं आलं! घासाघीस करायची ती पातेलं मोठं मिळावं म्हणून करू नका, पैसे मागा, किंवा तसेच द्या.

संस्थांकडे द्यायचे असतील तर गूंज आहे, अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली, मॅगसेसे मिळालेले आहेत ते, मुंबईतही त्यांचं काम चालतं. मात्र कुठेही द्या, धुऊन द्या, बटणं लावून द्या, फाटकी अंतर्वस्त्रं आणि एका पायातली चप्पल कोणाला देऊ नका. आपल्याला जे घालायला लाज वाटते ते दुसऱ्याने आनंदाने घालावं ही अपेक्षाच विचित्र आहे. अगदी विरलेलं असेल त्याची फडकी करा.

आणि या पाच पिशव्या ज्या काही करायच्या त्या येत्या रविवारपर्यंत करा. गाडीच्या डिकीत ठेवल्या की गणपतीपर्यंत तिथेच राहतात, आणि मग एखाद्या दिवशी घरातलंच कोणीतरी त्यातली एक उघडून म्हणतं, अरे हा शर्ट इथे होता होय.